टोपलीतली साखर

फुलपाडा, विरार (पूर्व)
६ जानेवारी २०२५

श्री. शत्रुघ्न किणी यांस,
स. न. वि. वि.

गोखिवऱ्याच्या मोतीबिंदूच्या शिबिरात आपण चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहून दिलात. घरी येऊन मी उरलेल्या एका डोळ्याने तो लावला आणि संदेश पाठवला, "नमस्कार, मी विनिता. डोळा कसा आहे?" दोन मिनिटांत उत्तर : "नमस्कार! जिजाई कॉटेजेस, कळंब येथे आपलं स्वागत! नाश्ता धरून." मी पुन्हा लिहिलं, "मी डोळ्याबद्दल विचारतेय." उत्तर आलं, "सी-व्ह्यू रूम शनिवार-रविवार फुल्ल आहेत मॅडम."

छत्तीस वर्षांनी माणूस भेटतो, त्याची चौकशी करावी तर नाश्ता मिळतो. म्हणून हे पत्र. पोस्टातली मुलगी आंतरदेशीय मागितल्यावर माझ्याकडे असं बघत होती, जणू मी कवड्या देऊन तिकीट मागतेय.

आपण मला आवाजावरून ओळखलंत, याला कौतुक म्हणावं की टोमणा, हे अजून ठरलेलं नाही. तो स्वयंसेवक चुकीच्या डोळ्यात थेंब घालत होता, मी त्याला सरळ करत होते, आणि तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून हिरवी पट्टी म्हणाली, "वालावलकर साहेबांची विनिता ना?" मिठागराचे मॅनेजर वालावलकर, म्हणजे आमचे दादा, जाऊन बावीस वर्षं झाली. तुमच्या तोंडी ते अजून साहेबच आहेत, हे ऐकून वर खूश झाले असतील.

माझं म्हणाल तर पेडणेकर जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. मुलगा सिद्धेश पुण्याला असतो, नात आर्या चार वर्षांची. त्यांच्या नव्या घरात एका खोलीला "आईची खोली" असं नाव दिलंय. आर्याला सांभाळायला कुणीतरी हवं, असं कुणी म्हणत नाही. "आई, तू एकटी किती दिवस राहणार?" असं म्हणतात. शब्द वेगळे, शाळेची बस तीच. इथला फ्लॅट विकतोय. २८ फेब्रुवारीला सही, मार्चमध्ये मी पुणेकर.

डोळ्याला पाणी लावू नका.

आपली,
विनिता पेडणेकर


कळंब
१३ जानेवारी २०२५

विनिताबाईंना शत्रुघ्न किणीचा नमस्कार.

डोळा ठीक आहे. दोन्ही डोळ्यांनी बघितल्यावर कळलं, की आमच्या कॉटेजला दिलेला रंग पिवळा नसून भगभगीत आहे. सून रचना म्हणते, "बाबा, दोन वर्षं झाली तो देऊन."

फोनचं माफ करा. नंबर माझा, पण तो मुलाच्या, प्रितेशच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर उघडतो. माझ्या मावसभावाच्या मरणाच्या बातमीलाही रचनाने "नाश्ता धरून" पाठवलं होतं. पत्रच बरं. पत्र फक्त मी उघडतो.

मिठागर कधीच बंद पडलं. बाबांच्या भातशेतीवर आता सात मजली इमारती आहेत, त्या पैशातून आम्ही इकडे समुद्राकडे आलो. बायकोला जाऊन आठ वर्षं झाली. आई, जिजाबाई, चौऱ्याऐंशीची आहे. कानाने कमी, तोंडाने जास्त. तुम्ही भेटल्याचं सांगितलं तर म्हणाली, "ती सायकलवाली?"

तिच्या लक्षात आहे बघा. मिठागराच्या बांधावर मी तुम्हाला सायकल शिकवली होती. तुम्ही दोनदा पाण्यात पडलात आणि दोन्ही वेळा दोष सायकलला दिलात.

विनिताबाई, तुम्ही पुण्याला निघाल्या आहात म्हणून विचारतो, नाहीतर विचारलं नसतं. कॉलेजात आपलं जे काही होतं ते होतं, दोघांनीही तोंडाने बोललो नव्हतो. पण नंतर तुमच्या घरून होकार आला. मग आम्ही दारात आल्यावर नकार का? छत्तीस वर्षं मी याचा विचार रोज केला असं सांगणार नाही, खोटं होईल. पण केला.

तिळगूळ घ्या. रचनाने केलेत, सोबत चार पाठवतोय. टपालात चुरा झाला तर चुरा खा.

शत्रुघ्न


फुलपाडा
१९ जानेवारी २०२५

शत्रुघ्नराव,

चुरा झाला. खाल्ला. रचनाला सांगा, गूळ कमी पडलाय.

आता मुद्द्याचं. होकार? कुणाचा? कधी? माझ्या घरात माझ्या लग्नाचा होकार गेला आणि मला कळलं नाही, असं तर होणार नाही. आमच्या घरात दुधाचा रतीब बदलला तरी दादा सभा घ्यायचे.

मला आठवतं ते ऐका. जानेवारी एकोणनव्वद, रविवार. मी परीक्षेचा अभ्यास करत होते. एक टेम्पो आला. त्यातून चौदा माणसं उतरली. मी मोजली, कारण आमच्याकडे कप बारा होते. पुढे तुमची आई, हातात ताट, ताटात हिरवी साडी आणि चुडा. तुमचे बाबा, ज्यांना रोज मिठागरावर दादा "किणी, इकडे ये" म्हणून हाक मारायचे, ते पांढरा सदरा घालून उभे. आणि मागे तुम्ही, केसांना तेल लावून. ना विचारणं, ना सांगणं, थेट साडीच!

दादांनी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं. आत घेतलं नाही. पुढचं तुम्ही पाहिलंत.

मला काय वाटलं असेल, ते कधी मनात आलं? मला वाटलं, या मुलाने मला विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही. टेम्पो भरून आणला, म्हणजे साहेबांना लाजेने हो म्हणावं लागेल. तरी दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत गेले. चार वाजेपर्यंत बसले. तुम्ही आला नाहीत. त्या दिवशीच काय, कधीच आला नाहीत.

तेव्हा होकार-नकाराच्या गोष्टी पुरे. डोळ्याची काळजी घ्या. उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल.

विनिता पेडणेकर


कळंब
२७ जानेवारी २०२५

विनिताबाई,

उत्तर नाही पाठवलं तरी चालेल म्हणालात, म्हणून चार दिवस थांबून पाठवतोय.

मी आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही, टेम्पोपर्यंतचं. ती जेवत होती. घास खाली ठेवला आणि म्हणाली, "आरं, टोपली गेली होती ना आधी! साखर आली होती!"

तेव्हा टोपलीचं सांगतो. आमच्या घराची एक रीत आहे. पोरीला मागायचं तर तोंडाने मागायचं नाही. मुलाची आई एकटी जाते, नव्या तांदळाची टोपली घेऊन. बसते, पाणी पिते, हवापाण्याच्या गोष्टी करते, टोपली ठेवून उठते. पोरीच्या घरचे टोपली परत पाठवतात. रिकामी आली म्हणजे नाही. कुणी कुणाला काही बोललं नाही, मग कुणाचा अपमानही नाही, पुढच्या बाजारात दोघी आया हसून बोलतात. टोपलीत गोड आलं म्हणजे हो. माझी आजी अशीच आली, आई अशीच आली, माझी बायकोही.

त्या टेम्पोच्या आदल्या रविवारी आई तुमच्याकडे टोपली घेऊन आली होती. तुमच्या आईने तिला ओटीवर पाट दिला, चहा दिला. बुधवारी मिठागरावरच्या गड्याबरोबर टोपली परत आली. आत कागदाची पुडी. पुडीत साखर, चांगली पावशेर. रेशनच्या दिवसांत! आईने ती साखर अख्ख्या आळीत चिमूट-चिमूट वाटली. मग आम्ही साडी घेऊन आलो.

आता सांगा, आम्ही काय समजायचं होतं?

शत्रुघ्न


फुलपाडा
३ फेब्रुवारी २०२५

शत्रुघ्नराव,

तुमचं पत्र दुपारी आलं. मी वाचलं आणि खुर्चीवर बसले. मग उठून उगाचच साखरेचा डबा उघडून बघितला. माणूस मूर्ख असतो.

माझ्या आईचा एक नेम होता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. शेजारच्या बाईशी तिचं नळावरून हाडवैर होतं, तरी त्या बाईची वाटी परत जाताना तीत दोन लिमलेटच्या गोळ्या असायच्या. गोळ्या ठेवायची आणि शिव्या द्यायची. तुमच्या आईचे तांदूळ तिला दिवाळीच्या भेटीसारखे वाटले. साहेबांना मिठागरावरून कुणी ना कुणी काही आणून द्यायचंच. ती म्हणाली, "अगं, त्या किणीबाईची टोपली द्यायचीय, काहीतरी घाल त्यात." तिने घातलं नाही, शत्रुघ्नराव. मी घातलं. पुडी माझ्या हाताने बांधली. हात सैल पडला आणि साखर जास्त पडली, कारण टोपली तुमच्या घरची आहे हे मला ठाऊक होतं. एवढाच माझा अर्थ होता त्यात.

म्हणजे होकार मीच दिला. सहीशिक्क्यासकट. आणि मग चौदा माणसांना दारात बघून मलाच राग आला, की मला कुणी विचारलं नाही.

इथे पत्र संपवता आलं असतं. दोन घरच्या दोन रिती, बिचारी दोन माणसं, अरेरे. असलं मी वर्गात पोरांना शिकवलंय आणि पोरांनी जांभया दिल्यात. पण मी एक गोष्ट लपवली आहे, ती आता न सांगणं नीचपणाचं होईल.

पायऱ्यांवर तुम्ही सगळे बसला होता. दादा आत आले. मला म्हणाले, "तुला हे ठाऊक होतं?" मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. मग म्हणाले, "त्या मुलाला ओळखतेस?"

मी म्हटलं, नाही.

बांधावर सायकल धरून धावणाऱ्या मुलाला. कॉलेजच्या रिकाम्या तासाला माझ्या वहीत कविता उतरवून देणाऱ्या मुलाला. तुमच्या पायाला मीठ लागलेलं असायचं, ते लायब्ररीच्या फरशीवर सांडायचं आणि मी ते चपलेने पुसायचे, कुणाला दिसू नये म्हणून. तर म्हटलं, नाही ओळखत.

दादांनी बाहेर जाऊन जे ऐकवलं ते माझ्या "नाही"च्या जोरावर. टोपलीची चूक कुणाचीच नव्हती. ही माझी होती.

विनिता


कळंब
८ फेब्रुवारी २०२५

विनिता,

बाई लिहायचं राहिलं, राहू दे.

मी ऐकलं होतं. खिडकीखालीच बसलो होतो. तेव्हापासून ऐकलेलंच आहे. लायब्ररीत म्हणून आलो नाही. वाटलं, जी ओळखत नाही तिला भेटून काय करू.

पण तू एवढं खरं लिहिलंस, तर मीही लिहितो. तुझ्या घरी टोपलीचा अर्थ कुणाला कळणार नाही, हे मला ठाऊक होतं. आईला नव्हतं, ती कधी आमच्या लोकांबाहेर गेली नव्हती. मी कॉलेजात होतो, तुमच्यात बसत होतो. तुमच्याकडे मुलीचा बाप पत्रिका घेऊन मुलाकडे जातो, हे मी तुझ्याच बहिणीच्या लग्नात वाढप करताना बघितलं होतं. साखर आली तेव्हा आईला एक शब्द बोललो असतो, "आये, थांब, विचारून येतो," तर बाबांना पायऱ्यांवर बसावं लागलं नसतं. मी गप्प बसलो. वाटलं, सगळे दारात गेले की साहेबांना नाही म्हणता येणार नाही. तू मागच्या रागाच्या पत्रात लिहिलंस ते खरं आहे. मी टेम्पोवर भरवसा ठेवला, तुला विचारायची हिंमत झाली नाही.

बाबा त्यानंतर साहेबांसमोर तीन वर्षं काम करत राहिले. घरी कधी काही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

आता झालं ते झालं. तू पुण्याला जाते आहेस, नात आहे, बरं आहे. आपलं वय हे असं. पुण्याहून सवडीने पत्र लिहीत जा. मीही लिहीन.

शत्रुघ्न


कळंब
१७ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मॅडम,

मी रचना किणी. शत्रुघ्न किणींची सून. नाश्ता धरून, ती मीच. सॉरी.

तुमचा पत्ता बाबांच्या उशीखालच्या पाकिटावरून घेतला. आतलं वाचलं नाही. थोडंसं वाचलं. सॉरी.

बाबांनी तुम्हाला आठ तारखेला पत्र टाकलं. तेव्हापासून पोस्टमन यायच्या वेळेला ते गेटवर खुर्ची टाकून बसतात. परवा एका फॅमिलीने त्यांना वॉचमन समजून बॅगा उचलायला सांगितल्या. त्यांनी उचलल्या! मी बघितलं तर रूमपर्यंत पोचवून वर "पंखा दोनवर ठेवा" सांगत होते.

बाबा तुम्हाला हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांनी प्रितेशला तुमच्याबद्दल विचारलं होतं. म्हणजे लग्नाचंच. प्रितेश चिडला. म्हणाला, "फुलपाड्याच्या वन रूम-किचनमधली बाई, हे वय, आणि आपली समुद्राकडची जमीन. लोक काय म्हणतील? जमिनीसाठी आली म्हणतील." बाबा आत गेले आणि तुम्हाला ते पुण्यावाल्या सवडीचं पत्र लिहिलं. तुम्हाला कुणी असं बोलू नये, म्हणून लिहिलंय त्यांनी. मला तरी तसं वाटतं.

प्रितेश वाईट नाहीये. घाबरट आहे. आजी म्हणते, बापावर गेलाय.

तुम्हाला यायचं नसेल तर तसं सरळ लिहा. पण काहीतरी लिहा. खुर्ची उन्हात असते.

रचना


फुलपाडा
२० फेब्रुवारी २०२५

शत्रुघ्न,

तुझं "सवडीने लिहीत जा" वाचून मी आठवडाभर गप्प बसले. मला वाटलं, नीट समजूतदारपणे नाकारलं मला. हिशेब बरोबरीत आला म्हणायचं आणि पुण्याच्या बॅगा भरायच्या, असं ठरवलं. निम्मी भांडी शेजारच्या सँड्राला देऊनही झाली. मग मला कळलं, की तू पुन्हा एकदा मला न विचारता माझ्या वतीने काहीतरी ठरवलंयस. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस. सांगणारीला ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे.

प्रितेशचं बोलणं मला लागलं नाही. खरंच. त्यात मला दादांचा आवाज ऐकू आला, एवढंच. तेव्हा मिठागरावरच्या माणसाने साहेबाची मुलगी मागितली म्हणून लोक काय म्हणतील. आता जमीनवाल्याने फ्लॅटवालीला मागितलं म्हणून लोक काय म्हणतील. लोक बिचारे तेच, मधल्या मधे आपण जागा बदलल्या.

तर आता मी विचारते. तोंडाने, शब्दांत, कुणाच्या आईला मध्ये न घालता. माझ्याशी लग्न करशील?

पण मी तुझ्या घरी येणार नाही. तुझी जमीन, कॉटेज, भगभगीत रंग, सगळं प्रितेशच्या नावावर कर नाहीतर करू नकोस, मला त्यातला वाळूचा कण नको. तू माझ्याकडे ये. फुलपाडा, तिसरा मजला, लिफ्ट नाही, एक खोली, एक स्वयंपाकघर, बाल्कनीत शेजारच्या इमारतीचं वाळत घातलेलं सगळं दिसतं. पाणी सकाळी एक तास. तुमच्यात घरजावयाला काय म्हणतात ते मला माहीत आहे. साठाव्या वर्षी गावभर ते ऐकून घ्यावं लागेल. माझ्या "नाही"ने तुम्हाला पायऱ्यांवर बसवलं, आणि आता मीच तुला जिने चढायला सांगतेय, हे मला कळतं. म्हणून हे नको म्हणालास, तर मी रागावणार नाही. पण सवडीची पत्रंही लिहिणार नाही.

सिद्धेशला काल फोनवर सांगितलं. आधी त्याला वाटलं, मला कुणीतरी फसवतंय. पोलिसांत जाऊया म्हणाला. मग म्हणाला, "आणि आर्या?" मी म्हटलं, "आर्याच्या सुट्टीत तिला इकडे पाठव. तिची खोली नाही, पण अंथरूण आहे." फोन ठेवला त्याने. रात्री परत केला आणि विचारलं, "काय करतात ते?" मी म्हटलं, बॅगा उचलतात.

फ्लॅट घेणाऱ्या माणसाला नाही म्हणून कळवलंय. २८ तारखेला सही करायची माझी तयारी होतीच, फक्त कचेरी बदलू, लग्नाच्या नोंदणीची. लग्नाची नोटीस तीस दिवस तिथल्या भिंतीवर लागते, ज्याला आक्षेप घ्यायचा त्याला घेता यावा म्हणून. मागच्या खेपेला पाच मिनिटांत आटोपलं होतं. सरकार उदार आहे.

विनिता


कळंब
२४ फेब्रुवारी २०२५

विनिता,

पत्र आज सकाळी पोचलं. हे उत्तर रचनाच्या स्कूटरने पाठवतोय, टपालावर भरवसा नाही. तिला चहा दे. तिने वाचलं असेल तर रागवू नकोस, मीच दिलं वाचायला.

आधी प्रितेशला सांगितलं. यावेळी विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "मी आक्षेप घेईन, तीस दिवस आहेत ना." आई आतून म्हणाली, "आदी माझ्यापुढं घे." तो जेवायला आला नाही. दुपारी मात्र खालच्या आवाजात विचारत होता, तिसऱ्या मजल्यावर तुमचा गुडघा चढेल का. मी म्हटलं, हळूहळू चढेन.

आईला सगळं समजावून सांगितलं, घरजावयाचंही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, "तुझा बाप तीन वर्सं त्यांच्या समोर उभा राहिला. त्यानं तोंड वाकडं केलं नाय. तू जिना चढायला लाजतोस?" आणि पाणी मागितलं.

मग मी बाजारात गेलो. गावाने मागून बोलण्यापेक्षा आपणच पुढून सांगावं, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मासळीवाल्या व्हेरोनिकाला म्हटलं, "किण्यांचा शत्रुघ्न बायकोच्या घरी राहायला चालला." हात थांबला तिचा. बाजूच्या दोघी वळून बघायला लागल्या. एक हसली. माझे कान तापले, खोटं सांगत नाही. व्हेरोनिका म्हणाली, "फ्लॅटवाली बाई ना ती? मासली साफ करता येते का तिला?"

मी म्हटलं, मला येते.

शुक्रवारी, २८ तारखेला, पावणेदहाला तुझ्या दारात.

शत्रुघ्न